बॉम्ब टाकून झाल्यावर तिथे उभं कोण राहणार?

१० जून २०१४ रोजी मोसुल हे इराकमधलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं शहर आयसिस या दहशतवादी संघटनेच्या हाती गेलं. हल्लेखोर होते हजार-दीड हजार. शहराच्या रक्षणासाठी कागदोपत्री सैन्याच्या दोन डिव्हिजन होत्या, शिवाय पोलीस, आणि अमेरिकेने दिलेल्या चिलखती गाड्या. चार-पाच दिवसांत हे सगळं विरघळलं. आधी वरिष्ठ अधिकारी निघून गेले, मग जवानांनी गणवेश रस्त्यावर टाकले आणि साध्या कपड्यांत गर्दीत मिसळून वाट धरली. त्याच वर्षाच्या अखेरीस पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी जाहीर केलं की सैन्याच्या पटावर पन्नास हजार नावं अशी सापडली आहेत, ज्यांचा पगार निघतो पण माणूस जागेवर नाही. रोजगार हमीच्या मस्टरवरचे बोगस मजूर आपल्याला ठाऊक आहेत. इथे तोच प्रकार बंदूकधारी सैन्यात झाला होता.

आयसिसविरुद्धच्या युद्धाची गोष्ट इथून सुरू करायला हवी, कारण अशा संघटनांशी कसं लढावं हा वाद बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून घातला जातो. किती बॉम्ब टाकायचे, कुठलं विमान पाठवायचं, म्होरक्याला कसं उडवायचं यावर तासन्‌तास चर्चा होते. मोसुल पडलं तेव्हा शस्त्रं भरपूर होती. शहर आपलं मानून तिथे पाय रोवून उभं राहणारं कुणी नव्हतं. पुढची पाच वर्षं वॉशिंग्टन, बगदाद, अंकारा आणि तेहरानमध्ये जे वाद झाले, त्या प्रत्येकाच्या तळाशी हाच प्रश्न होता: जमीन घेतल्यावर ती धरणार कोण, आणि त्याची किंमत कुणाच्या रक्तात मोजली जाणार?

थोडं मागे जाऊ. आयसिस २०१४ मध्ये आकाशातून पडली नाही. अमेरिकेने २००३ मध्ये इराकचा ताबा घेतल्यावर सद्दामचं सैन्य एका आदेशाने बरखास्त केलं. लाखो प्रशिक्षित माणसं पगाराविना, मानाविना घरी बसली. त्यातले काही पुढे बंडखोरांना मिळाले, आणि आयसिसच्या लष्करी नेतृत्वात सद्दामचे जुने अधिकारी दिसतात ते म्हणूनच. संघटनेचा पूर्वज म्हणजे 'इराकमधली अल-कायदा'. तिचा म्होरक्या अबू मुसाब अल-झरकावी जून २००६ मध्ये अमेरिकी हवाई हल्ल्यात मारला गेला. टीव्हीवर विजयाचे मथळे झळकले. त्यानंतरचे महिने इराकमधल्या सर्वांत रक्तरंजित काळात मोडतात.

संघटनेचा कणा खरोखर मोडला तो नंतर, आणि वेगळ्याच मार्गाने. अन्बार प्रांतातल्या सुन्नी टोळ्या अल-कायदाच्या जाचाला कंटाळल्या होत्या. टोळीप्रमुखांचे खून, जबरदस्तीची लग्नं, तस्करीच्या धंद्यावर कब्जा हे सगळं त्यांच्याच घरात चाललं होतं. २००६-०७ मध्ये त्या उलटल्या. अमेरिकेने त्यांना पैसे दिले, संरक्षण दिलं आणि २००७ मध्ये स्वतःचं जादा सैन्यही उतरवलं. ही 'सहवा', म्हणजे जागृतीची चळवळ, ऐन भरात असताना तिच्यात एक लाखाच्या आसपास स्थानिक माणसं होती. त्यांना गल्ली माहीत होती, गल्लीत नवा आलेला माणूस कोण तेही माहीत होतं. उपग्रहाला हे दिसत नाही.

मग बगदादच्या शियाप्रधान सरकारने या माणसांना नोकऱ्या देण्याचं वचन बऱ्याच अंशी पाळलं नाही. २०११ च्या डिसेंबरात अमेरिकी सैन्य परत गेलं. जुलै २०१३ मध्ये अबू गरैबच्या तुरुंगावर हल्ला होऊन पाचशेहून अधिक कैदी पळाले, त्यात मुरलेले अतिरेकी होते. शेजारी सीरिया यादवीत जळत होताच. मोसुलच्या लोकांना आयसिस हवी होती असं नाही, पण बगदादच्या सैन्यासाठी मरायलाही त्यातलं कुणी तयार नव्हतं.

२०१४ च्या उन्हाळ्यात टेबलावर ढोबळमानाने तीन पर्याय होते.

पहिला होता कोंडून ठेवण्याचा. हा पर्याय मांडणारे लोक भेकड किंवा भोळे नव्हते, त्यांचा युक्तिवाद चांगला पक्का होता. आयसिस लूट, खंडणी आणि तेलावर जगते. नवा प्रदेश मिळाला नाही तर लूट आटेल. तिला राज्य चालवायचं आहे, म्हणजे वीज, पाणी, कचरा, पगार हे सगळं गळ्यात येणार, आणि त्यात ती नापास होणार. बाहेरच्यांनी हल्ला केला तर उलट लोक तिच्यामागे एकवटतील. तेव्हा सीमा बांधा, पैशाच्या वाटा तोडा आणि कुजू द्या. यातली प्रत्येक गोष्ट पुढे थोड्याफार प्रमाणात खरी ठरली.

पण कोंडण्याचा खर्च आत अडकलेले लोक भरतात. ऑगस्ट २०१४ मध्ये आयसिसने उत्तर इराकमधल्या सिंजारवर चाल केली, तिथल्या यझिदी या अल्पसंख्य समाजातल्या पुरुषांना मारलं, हजारो बायका-मुलींना गुलाम म्हणून विकलं. दुसरी अडचण अशी, की कोंडणार कसं? हजारो परदेशी तुर्कीमार्गे आत येत होते. आपल्या कल्याणचे चार तरुण मे २०१४ मध्ये यात्रेकरूंसोबत इराकला गेले आणि तिथून गायब झाले, तेही याच काळात. त्यातला एक नोव्हेंबरात परतला आणि एनआयएच्या ताब्यात गेला. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसमध्ये आयसिसच्या हल्ल्यात १३० माणसं मारली गेली, तेव्हा 'कुजू द्या' म्हणणाऱ्यांचा आवाज जवळजवळ बंद झाला.

दुसरा पर्याय थेट होता: अमेरिकेने लाखभर सैन्य उतरवावं आणि काही महिन्यांत काम संपवावं. शुद्ध लष्करी हिशेबाने हे शक्य होतं, याबद्दल फारसा वाद नाही. अडचण त्यानंतरच्या सकाळची. २००३ मध्येही बगदाद तीन आठवड्यांत पडलं होतं. शिवाय आयसिसला हेच हवं होतं. सीरियात दाबिक नावाचं एक छोटं गाव आहे. जगाच्या अंतापूर्वीची निर्णायक लढाई तिथे होईल अशी एक परंपरा आहे. आयसिसने आपल्या मासिकाला त्या गावाचं नाव दिलं आणि पाश्चात्त्य सैन्याला तिथे येण्याची आव्हानं देत राहिली. शत्रू ज्या लढाईसाठी हात जोडून विनवतो आहे, ती त्याला द्यावी का? (ऑक्टोबर २०१६ मध्ये तुर्कीच्या पाठबळावर लढणाऱ्या सीरियन बंडखोरांनी दाबिक घेतलं. आयसिसने तिथे फारसा प्रतिकारच केला नाही. भविष्यवाणीची तारीख गुपचूप पुढे ढकलण्यात आली.)

तिसरा पर्याय ओबामांनी निवडला: विमानं आमची, पाय स्थानिकांचे. ऑगस्ट २०१४ मध्ये इराकमध्ये आणि सप्टेंबरात सीरियात हवाई हल्ले सुरू झाले. ऐकायला हा मध्यममार्ग वाटतो. प्रत्यक्षात त्याने प्रश्न सोडवला नाही, फक्त नेमका केला: स्थानिक म्हणजे कोण?

सीरियात अमेरिकेने आधी स्वतःच्या पसंतीचे बंडखोर घडवायचं ठरवलं. पन्नास कोटी डॉलर मंजूर झाले, वर्षाला पाच हजारांवर लढवय्ये तयार करण्याचं उद्दिष्ट ठेवलं. अट अशी की त्यांनी फक्त आयसिसशी लढायचं, सीरियाचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष असद याच्याशी नाही. आता ज्याचं घर असदच्या विमानांनी पाडलंय, तो या अटीवर सही का करेल? सप्टेंबर २०१५ मध्ये सिनेटच्या समितीने जनरल लॉइड ऑस्टिन यांना विचारलं की या कार्यक्रमातले किती जण आज लढत आहेत. उत्तर आलं: चार किंवा पाच. चार-पाच हजार नव्हे, चार-पाच माणसं. हेच ऑस्टिन पुढे अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले.

खरा जोडीदार सापडला तो ठरवून नव्हे. तुर्कीच्या सीमेला लागून कोबानी हे कुर्दांचं गाव आहे. २०१४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आयसिसने ते जवळजवळ गिळलं होतं, आणि त्याला लष्करी महत्त्व नाही असंच अमेरिकी नेते सांगत होते. पण वायपीजी या कुर्दी संघटनेचे तरुण-तरुणी हटेनात. अमेरिकेने आधी बॉम्ब टाकले, मग विमानातून शस्त्रं टाकली. इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. विमानाला वरून घरं दिसतात, कुठल्या घरात मशीनगन आहे आणि कुठल्या घरात म्हातारी आजी, हे दिसत नाही. ते सांगायला खाली, समोरच्या गल्लीत, विश्वासाचा माणूस लागतो. कोबानीत तो होता. जानेवारी २०१५ मध्ये गाव मुक्त झालं, आयसिसची हजारावर माणसं तिथे संपली.

आता नव्या मित्राचं दुखणं. वायपीजीची नाळ तुर्कीतल्या पीकेके या कुर्दी बंडखोर संघटनेशी जोडलेली, आणि पीकेकेला तुर्कीच नव्हे तर खुद्द अमेरिकाही दहशतवादी ठरवते. म्हणजे एका दहशतवादी संघटनेशी लढायला, आपल्याच यादीतल्या दुसरीच्या भावंडाला शस्त्रं द्यायची, आणि तेही नाटोतल्या मित्रराष्ट्राच्या नाकावर टिच्चून. त्यावर तोडगा म्हणून ऑक्टोबर २०१५ मध्ये अरब गटांना जोडून 'सीरियन डेमोक्रॅटिक फोर्सेस', म्हणजे एसडीएफ, उभी राहिली. पाटी बदलली, कणा कुर्दांचाच राहिला. तुर्कीची समजूत अर्थातच पटली नाही.

इराकमध्ये हाच पेच शिया मिलिशियांच्या, म्हणजे सशस्त्र टोळ्यांच्या, रूपाने आला. मोसुल पडल्यावर शियांचे सर्वोच्च धर्मगुरू अली सिस्तानी यांनी शस्त्र हाती घेण्याचं आवाहन केलं, हजारो तरुण भरती झाले, आणि त्यातल्या बऱ्याच टोळ्यांची दोरी इराणच्या हातात होती. तिकरितजवळच्या तळावर आयसिसने शेकडो शिया कॅडेट्सची कत्तल केली होती, त्यामुळे मनात सूडही होता. बगदाद वाचलं त्यात या टोळ्यांचा वाटा मोठा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सुन्नी शहरात त्यांना पुढे घातलं तर आयसिसचा प्रचार आपोआप खरा ठरणार: 'बघा, शिया तुम्हाला मारायला आलेत.' मार्च २०१५ मध्ये तिकरितच्या मोहिमेत अमेरिकेने हवाई मदतीसाठी या टोळ्या मागे घेण्याची अट घातली. काही मागे गेल्या. शहर मुक्त झाल्यावर लूट आणि जाळपोळ मात्र झालीच.

पैशाच्या आघाडीबद्दल थोडक्यात. तेलविहिरी उद्ध्वस्त केल्या तर उद्याच्या इराक-सीरियाचंच नुकसान, म्हणून सुरुवातीला हात आखडता होता. २०१५ च्या शेवटी टँकरच्या ताफ्यांवर हल्ले सुरू झाले. चालक बहुतेक साधे कामगार असल्याने हल्ल्याच्या सुमारे पंचेचाळीस मिनिटं आधी पत्रकं टाकली: गाडी सोडून पळा. जानेवारी २०१६ मध्ये मोसुलमधलं रोकड साठवण्याचं ठिकाण उडवलं, तेव्हा जळत्या नोटा हवेत उडताना चित्रफितीत दिसल्या. याचा परिणाम झाला. आयसिसला आपल्याच माणसांचे पगार निम्म्यावर आणावे लागले.

या युद्धातला सर्वांत अवघड वाद मोसुल परत घेताना झाला, आणि त्यावर मला थोडं थांबायचं आहे. शहराला वेढा घालताना चारही बाजू बंद करायच्या की एक वाट उघडी ठेवायची?

वाट ठेवण्याच्या बाजूचा विचार जुना आणि शहाणा आहे. पळायला जागा असली की बरेच लोक पळतात, शहर कमी मोडतं, नागरिक वाचतात. पळणाऱ्यांना नंतर उघड्या वाळवंटात गाठता येतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये मोहीम सुरू झाली तेव्हा पश्चिमेची, सीरियाकडे जाणारी बाजू मोकळी राहील असाच अंदाज होता. पण पळालेले अतिरेकी सीरियात जाऊन लढणार, ही भीती सीरियाला आणि त्याच्या पाठीराख्या इराणला होती. शिया मिलिशिया पश्चिमेला वळल्या, नोव्हेंबरात तल अफरच्या विमानतळापर्यंत पोचल्या, आणि दार बंद झालं. पुढे मे २०१७ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री जेम्स मॅटिस यांनी हेच धोरण म्हणून उघड मांडलं: शत्रूला एका शहरातून दुसऱ्या शहरात ढकलत बसायचं नाही, घेरून संपवायचं, म्हणजे परदेशी अतिरेकी आपापल्या देशात परतणार नाहीत.

पॅरिस आणि ब्रसेल्समधल्या हल्ल्यांनंतर युरोपला हे पटणं साहजिक होतं. पण हिशेब नीट वाचा. पॅरिसमधला धोका कमी करण्याची किंमत मोसुलच्या जुन्या पेठेतली कुटुंबं मोजणार होती. आत दहा लाखांवर लोक होते. सरकारने पत्रकं टाकून त्यांना घरातच राहायला सांगितलं होतं, कारण एवढे विस्थापित ठेवायला छावण्या नव्हत्या. आयसिसने त्याच घरांच्या भिंती फोडून एकातून दुसऱ्यात जायच्या वाटा केल्या, छतावर नेमबाज बसवले आणि पळणाऱ्यांना गोळ्या घातल्या.

तिग्रिस नदीच्या पूर्वेचा भाग घ्यायलाच शंभर दिवस लागले. इराकच्या दहशतवादविरोधी दलाने तिथे गल्लीगल्लीत लढाई दिली; स्फोटकांनी भरलेल्या चिलखती गाड्या वळणावरून अंगावर यायच्या, बाजारात मिळणारे छोटे ड्रोन वरून बॉम्ब टाकायचे. मोसुलमध्ये या दलाची ४० टक्के हानी झाल्याचा उल्लेख अमेरिकी संरक्षण खात्याच्या कागदपत्रात आहे. असं दल उभं करायला दहा वर्षं लागतात. त्यामुळे पश्चिम मोसुलमध्ये तोफा आणि बॉम्ब यांच्यावरचा भार वाढला, आणि हल्ल्याला मंजुरी देण्याचा अधिकार आघाडीच्या जवळ असलेल्या अधिकाऱ्यांकडे आला. जवानांच्या जागी बॉम्ब आले, इतकं हे साधं आहे.

१७ मार्च २०१७ रोजी अल-जदीदा भागात एका छतावरच्या दोन नेमबाजांवर एक बॉम्ब टाकला गेला. घर कोसळलं, त्यात आसरा घेतलेले शंभरावर नागरिक गाडले गेले. अमेरिकेच्या चौकशीचा निष्कर्ष असा की घरात आयसिसने पेरलेली स्फोटकं पेटली. तो मान्य केला तरी मूळ प्रश्न उरतो. बॉम्ब अगदी नेमक्या जागी पडला होता. घरात कोण आहे, हे टाकणाऱ्याला माहीत नव्हतं. 'अचूक' हा शब्द निशाण्याबद्दल बोलतो, माहितीबद्दल नाही, आणि हवाई युद्धाच्या समर्थनात या दोन गोष्टी सर्रास एक केल्या जातात. जुलै २०१७ मध्ये मोसुल मुक्त झालं. असोसिएटेड प्रेसच्या पाहणीनुसार या लढाईत नऊ ते अकरा हजार नागरिक मेले. त्यातले बरेच आयसिसच्या हातून, बरेच सोडवायला आलेल्यांच्या बॉम्ब आणि तोफगोळ्यांनी.

पुढे सीरियातल्या रक्का या आयसिसच्या राजधानीत त्याच प्रश्नाचं उलटं उत्तर दिलं गेलं, आणि तेही गुपचूप. चार महिन्यांच्या भडिमारानंतर ऑक्टोबर २०१७ मध्ये स्थानिकांच्या मध्यस्थीने समझोता झाला आणि आयसिसचे शेवटचे अतिरेकी कुटुंबांसह ट्रकच्या ताफ्यातून बाहेर पडले. बीबीसीने नंतर ट्रकचालकांकडून माहिती काढली तेव्हा आकडा समोर आला: सुमारे अडीचशे अतिरेकी, साडेतीन हजार कुटुंबीय. 'घेरून संपवा' म्हणणाऱ्यांची बरीच शोभा झाली. पण त्या ताफ्यामुळे लढाईचे शेवटचे आठवडे टळले, हेही खरं. चीड याची येते की हा सौदा करायचाच होता, तर तो शहर उभं असताना का नाही? संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने तोवर रक्काचा ८० टक्के भाग राहण्यालायक उरला नव्हता, आणि मानवाधिकार संघटना अ‍ॅम्नेस्टी व हवाई हल्ल्यांतले बळी मोजणारी एअरवॉर्स यांच्या मोजणीत सोळाशेवर नागरिक मेले होते.

२३ मार्च २०१९ रोजी बागूझ हे शेवटचं खेडं पडलं. भर काळात आयसिसच्या हाती असलेला सुमारे १,१०,००० चौरस किलोमीटर मुलूख, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून थोडा जास्त, पूर्ण सुटला. तिसरा पर्याय जिंकला असं म्हणता येतं. अमेरिकेचे मोजकेच सैनिक गेले. एसडीएफ आपल्या मृतांचा आकडा ११,००० सांगते. सात महिन्यांनी अमेरिकेने सीमेवरून सैन्य मागे घेतलं आणि तुर्कीने याच एसडीएफवर हल्ला चढवला. ऑक्टोबर २०१९ मध्ये आयसिसचा प्रमुख अबू बक्र अल-बगदादी मारला गेला. संघटनेने आठवड्याभरात नवा प्रमुख जाहीर केला.

भारतापुरतं पाहिलं तर मोसुलमध्ये २०१४ च्या जूनमध्ये पळवलेल्या ३९ भारतीय कामगारांचं काय झालं, हे कळायला शहर सुटावं लागलं. बदुशच्या टेकडीतून अवशेष निघाले, डीएनए जुळवले गेले आणि मार्च २०१८ मध्ये सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत त्यांच्या मृत्यूची माहिती दिली. पंजाब, हिमाचल, बिहार, बंगालमधली ही मजुरी करायला गेलेली माणसं होती.

उरला तो प्रश्न कैद्यांचा, आणि कुठल्याच युद्धनीतीत त्याचं उत्तर लिहिलेलं नव्हतं. बागूझनंतर ईशान्य सीरियातल्या अल-होल छावणीत सत्तर हजारांवर लोक कोंबले गेले, बहुतेक बायका आणि मुलं. हजारो अतिरेकी एसडीएफच्या तुरुंगांत होते. ब्रिटन, फ्रान्ससारखे देश आपल्या नागरिकांना परत घ्यायला वर्षानुवर्षं टाळाटाळ करत राहिले. मॅटिस यांचं वाक्य आठवलं की यातला तर्क कळतो. जानेवारी २०२२ मध्ये आयसिसने हसाकाच्या तुरुंगावर हल्ला केला, आणि ती लढाई आठवड्याहून अधिक चालली. तुरुंग फोडून माणसं सोडवायची ही अबू गरैबची जुनीच तऱ्हा. डिसेंबर २०२४ मध्ये असदची सत्ता कोसळली आणि दमास्कसमध्ये बसलेल्या नव्या राज्यकर्त्यांसमोर, एसडीएफसमोर आणि वॉशिंग्टनसमोर तोच हिशेब पुन्हा आला: या तुरुंगांच्या किल्ल्या कुणाकडे, पहारेकऱ्यांचे पगार कुणाकडून, आणि २०१९ मध्ये आठ-नऊ वर्षांची असताना छावणीत आलेली, आता मिसरूड फुटू लागलेली मुलं नेमकी कोणत्या देशाची?